चित्रपट-नियतकालिकाचे मुखपृष्ठ : संकेत, करार आणि देवनागरीचा प्रश्न

प्रस्तावना

मुद्रित माध्यमातील सर्वाधिक पाहिला जाणारा आणि सर्वांत कमी अभ्यासला जाणारा मजकूर म्हणजे नियतकालिकाचे मुखपृष्ठ होय. साहित्यसमीक्षेने त्याला सजावटीच्या सदरात टाकले, तर कलासमीक्षेने व्यावसायिक काम म्हणून बाजूला ठेवले. मराठीत दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर आदी चित्रकारांच्या निमित्ताने वाङ्मयीन मासिकांच्या व दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांची चर्चा वेळोवेळी झाली. चित्रपट-नियतकालिकाच्या मुखपृष्ठाच्या वाट्याला मात्र तेवढाही विचार आला नाही. या मुखपृष्ठांनी किमान दोन पिढ्यांची सौंदर्यदृष्टी, नटनटींविषयीची कुतूहलबुद्धी आणि काही अंशी स्त्रीप्रतिमाही घडविली, हे लक्षात घेता ही उपेक्षा समर्थनीय ठरत नाही.

अलीकडे हा विषय वेगळ्या मार्गाने महाविद्यालयांत आला आहे. माध्यम-अभ्यासाच्या अभ्यासक्रमांत 'चित्रपटविषयक मासिकाचे मुखपृष्ठ तयार करा' असा प्रात्यक्षिक पाठ दिला जातो. त्याचे मूळ ब्रिटिश शालेय माध्यमशिक्षणात सापडते. तेथील ओसीआर या परीक्षा मंडळाच्या ए-लेव्हल अभ्यासक्रमात २००८ नंतरच्या दशकात विद्यार्थ्यांनी एका काल्पनिक चित्रपटाची झलक तयार करावी आणि तिच्या जोडीला भित्तिपत्रक, संकेतस्थळाचे दर्शनी पान वा चित्रपट-मासिकाचे मुखपृष्ठ यांपैकी दोन गोष्टी सादर कराव्यात, अशी योजना होती. प्रस्थापित संकेतांचा वापर, त्यांचा विकास किंवा त्यांना दिलेले आव्हान या तीन कसोट्यांवर विद्यार्थ्याने आपल्या कामाची चिकित्सा करणे तेथे अपेक्षित होते. प्रत्यक्षात पहिल्या कसोटीने उरलेल्या दोहोंना गिळून टाकल्याचे अनेकदा दिसते. संकेतांची यादी समोर ठेवायची आणि एकेका कलमापुढे खूण करीत जायचे, असे त्या पाठाचे स्वरूप होऊन बसते.

'प्रस्थापित संकेत पाळून मुखपृष्ठ तयार करणे' म्हणजे नेमके काय करणे, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. संकेत हा साचा नसून नियतकालिक, तारा-तारका आणि वाचक यांच्यातील कराराची दृश्य खूण असतो, आणि करार बदलला की तेच घटक वेगळा अर्थ धारण करतात, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी मुंबईहून प्रसिद्ध झालेल्या 'फिल्मइंडिया', 'फिल्मफेअर' आणि 'स्टारडस्ट' या तीन इंग्रजी नियतकालिकांचा आधार घेतला असून, पुढे हे संकेत मराठीत येताना देवनागरी लिपी व मराठी वाक्यरचना यांच्याशी त्यांचा कसा खटका उडतो, याचा विचार केला आहे.

१. संकेतांची घडण : सोयीतून शास्त्राकडे

चित्रपट-नियतकालिकाच्या मुखपृष्ठाचे घटक सर्वपरिचित आहेत. वरच्या पट्ट्यात मोठ्या अक्षरांतील नाव, म्हणजेच मास्टहेड. मध्यभागी एकच प्रमुख प्रतिमा, बहुधा कंबरेपर्यंतची किंवा केवळ चेहऱ्याची. चेहऱ्याची नजर थेट वाचकाकडे. दोन्ही कडांना आतील मजकुराची जाहिरात करणाऱ्या ओळी, ज्यांना व्यवसायात 'कव्हरलाइन' म्हणतात. त्यांपैकी एक ओळ इतरांहून ठळक. आणि कोपऱ्यात अंकाचा महिना, किंमत व बारकोड. शिकागोमध्ये १९११ साली सुरू झालेल्या 'फोटोप्ले'पासून लंडनमध्ये १९८९ साली निघालेल्या 'एम्पायर'पर्यंत हे घटक कमीअधिक प्रमाणात टिकून राहिले.

यांतील बहुतेक संकेत सौंदर्यविचारातून जन्मलेले नाहीत. ते विक्रीच्या जागेने लादलेले आहेत. ब्रिटिश दुकानांतील फळ्यांवर मासिके एकमेकांवर सरकवून मांडली जात. त्यामुळे प्रत्येकाचा डावीकडचा भाग तेवढा दिसे. महत्त्वाच्या ओळी डावीकडे असाव्यात हा नियम तेथून आला. भारतात रेल्वे स्थानकावरील पुस्तकाच्या ठेल्यावर मासिके पायऱ्यांसारखी एकीखाली एक लावली जात आणि केवळ वरची पट्टी दिसे. पदपथावरचा विक्रेता तीच मासिके दोरीला चिमट्याने टांगीत असे, आणि तेथे संपूर्ण मुखपृष्ठ दुरून दिसे. म्हणजे एकाच अंकाला दोन भिन्न कसोट्यांना उतरावे लागे. ठेल्यावर नावाने विकले जायचे आणि पदपथावर चेहऱ्याने. डावीकडच्या पट्टीचा ब्रिटिश नियम येथे तितक्या निकडीचा नव्हता. तरीही पाठ्यपुस्तकी यादीत तो अढळ सत्यासारखा येतो, आणि तो कोठून आला हे न विचारताच विद्यार्थी तो पाळतो.

नावाच्या स्थैर्याचीही हीच गोष्ट. नियतकालिकाचे नाव ही केवळ आरेखनाची बाब नसते. भारतात ते निबंधकाकडून मंजूर करून घ्यावे लागते. १८६७ च्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली असली, तरी नाव नोंदणीचे तत्त्व कायम आहे. दर अंकाला चेहरा बदलतो, रंग बदलतो, ओळी बदलतात. नाव तेवढे बदलत नाही. बदलत्या आणि न बदलणाऱ्या घटकांचा हा ताणच मुखपृष्ठाला मुखपृष्ठपण देतो. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत याने १९८७ च्या आपल्या ग्रंथात पुस्तकाभोवतीच्या अशा मजकुराला 'उंबरठा' ही उपमा योजली. ती नियतकालिकालाही लागू पडते; मात्र पुस्तकाचा उंबरठा एकदाच ओलांडला जातो, नियतकालिकाचा दर महिन्याला. म्हणून येथे ओळख आणि नावीन्य या दोहोंचीही हमी एकाच पानाला द्यावी लागते.

संकेत मोडूनही संकेत निर्माण होतो, याचे उदाहरण १९५१ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या 'काइए द्यु सिनेमा'चे आहे. पिवळे मुखपृष्ठ, चित्रपटातील एक स्थिरचित्र आणि आरडाओरडा करणाऱ्या ओळींचा अभाव, असे त्याचे आरंभीचे रूप होते. पहिल्या अंकावर 'सन्सेट बुलेव्हार्ड'मधील ग्लोरिया स्वॅन्सन होती. तारकेचा चेहरा येथेही आहे. पण तो चित्रपटाच्या चौकटीतून उचललेला आहे, छायाचित्रकाराच्या दालनात मुद्दाम घडवलेला नाही. वाचकाला 'ही पाहा' असे न सांगता 'हा चित्रपट पाहा' असे हे मुखपृष्ठ सांगते. घटक जवळजवळ तेच, करार निराळा.

२. तीन नियतकालिके, तीन करार

बाबूराव पटेल यांनी १९३५ मध्ये मुंबईत 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केले. या मासिकाची ओळख त्याच्या संपादकाच्या तिखट लेखणीने ठरली. चित्रपटांची निर्दय परीक्षणे आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेली खोचक उत्तरे यांसाठी ते वाचले जाई. मुखपृष्ठ मात्र याच्या अगदी उलट स्वभावाचे असे. एस. एम. पंडित यांच्यासारख्या चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेले, रंगांनी न्हालेले, छायाप्रकाशाने उजळलेले चेहरे तेथे असत. आत खंडन आणि बाहेर मंडन, असा हा विरोध वरवर विसंगत वाटतो. परंतु त्या काळाच्या कराराच्या दृष्टीने तो सुसंगत होता. मुखपृष्ठाने चित्रपटाची मोहिनी मान्य करायची आणि आतल्या पानांनी तिचा पंचनामा करायचा, अशी ती श्रमविभागणी होती.

रंगवलेल्या मुखपृष्ठाचे एक तांत्रिक वैशिष्ट्य येथे नोंदवणे आवश्यक आहे. ज्या काळी पडद्यावरील चित्र कृष्णधवल होते, त्या काळी मासिकावरील तारका रंगीत होती. तिच्या साडीचा, ओठांचा, पार्श्वभूमीचा रंग चित्रकार ठरवी. म्हणजे मुखपृष्ठ हे पडद्याचे अनुकरण नव्हते. पडदा जे देऊ शकत नव्हता ते देण्याचे ते ठिकाण होते. चित्रकाराचे हे स्वातंत्र्य दलाल-मुळगावकर यांच्या परंपरेशी नाते सांगणारे आहे. मुळगावकरांच्या फवाऱ्याच्या तंत्राने साधलेली त्वचेची तकाकी, दलालांच्या 'दीपावली'वरील स्त्रीरूपांची लय आणि पंडितांचे नाट्यमय उजेड-काळोख ही एकाच दृश्यसंस्कृतीची अंगे होत. चित्रपट-मासिकाचे मुखपृष्ठ पाश्चात्त्य नमुन्यावरून उतरवले गेले, हे विधान म्हणूनच अर्धसत्य ठरते. चौकट तिकडची असेल. चेहरा घडवण्याची रीत येथल्या दिनदर्शिका, पौराणिक चित्रे आणि मासिके यांतून आलेली होती.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाचे 'फिल्मफेअर' मार्च १९५२ मध्ये निघाले. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर कामिनी कौशल होत्या. एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाचे पाठबळ, उत्तम छपाई आणि १९५४ पासून दिले जाऊ लागलेले पुरस्कार यांमुळे 'फिल्मफेअर'ने चित्रपटव्यवसायाला मध्यमवर्गीय दिवाणखान्यात प्रतिष्ठा मिळवून दिली. येथील करार आदराचा होता. छायाचित्राने चित्राची जागा घेतली. छायाचित्राचा दावा सत्याचा असतो. 'ही व्यक्ती अशीच दिसते' असे ते म्हणते. प्रत्यक्षात प्रकाशयोजना, रंगभूषा आणि मुद्रणपूर्व रंगसफाई यांनी ते चित्राइतकेच घडवलेले असते. परंतु घडवण्याची खूण पुसली जाते. 'फिल्मइंडिया'चा वाचक मुखपृष्ठ पाहताना ते रंगवलेले आहे हे जाणत होता. 'फिल्मफेअर'च्या वाचकाला ही जाणीव ठेवण्याची गरज उरली नाही. दृश्यसंकेतांच्या इतिहासातील हा फार मोठा, पण गाजावाजा न करता झालेला बदल होय.

तिसरा करार ऑक्टोबर १९७१ मध्ये नारी हिरा यांच्या 'स्टारडस्ट'ने आणला. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर राजेश खन्ना यांचे गुप्तपणे लग्न झाले आहे काय, असा प्रश्न छापलेला होता. त्या वेळी राजेश खन्ना लोकप्रियतेच्या शिखरावर होते. शोभा राजाध्यक्ष, म्हणजे पुढील काळातील शोभा डे, यांच्या संपादकत्वाखाली या मासिकाने इंग्रजी-हिंदीची सरमिसळ असलेली एक खट्याळ भाषा रूढ केली. मुखपृष्ठाच्या दृष्टीने बदल असा की, भार चेहऱ्यावरून ओळीवर सरकला. 'फिल्मफेअर'वर ओळ चेहऱ्याचा परिचय करून देई. 'स्टारडस्ट'वर चेहरा ओळीचा पुरावा ठरू लागला. हसणारी तारका आणि तिच्या खांद्याशी छापलेला संशय यांच्या संयोगातून तिसराच अर्थ निर्माण होतो. हसू निरागस राहत नाही. ते काहीतरी लपवणारे वाटू लागते. रोलाँ बार्थ याने 'मिथॉलॉजीज' (१९५७) या ग्रंथात 'पारी-माच' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरील सलाम करणाऱ्या कृष्णवर्णीय तरुण सैनिकाच्या छायाचित्राचे विवेचन करताना, प्रतिमेचा पहिला अर्थ दुसऱ्या अर्थाचे वाहन कसा बनतो, हे दाखवले आहे. 'स्टारडस्ट'ने तेच तंत्र व्यापारासाठी वापरले, आणि त्यात ओळीला सूत्रधाराची भूमिका दिली.

तीनही नियतकालिकांवर नाव वर आहे, चेहरा मध्यभागी आहे, ओळी आहेत. संकेतांची यादी करणारा अभ्यासक तिघांपुढे सारख्याच खुणा करील. तरीही पहिले मुखपृष्ठ मोहिनी देते, दुसरे प्रतिष्ठा देते आणि तिसरे संशय विकते. यादीतून हा भेद कधीच हाती लागत नाही.

३. नजरेचे राजकारण

मुखपृष्ठावरील चेहऱ्याने वाचकाकडे थेट पाहावे, हा संकेत इतका रुळलेला आहे की तो नैसर्गिक वाटतो. गुंथर क्रेस आणि थिओ फान लेउवेन यांनी 'रीडिंग इमेजेस' (१९९६) या ग्रंथात अशा नजरेला 'मागणी' म्हटले आहे. चित्रातील व्यक्ती पाहणाऱ्याकडे पाहते तेव्हा ती त्याच्याकडून काही प्रतिसाद मागत असते. दुसरीकडे पाहते तेव्हा ती केवळ पाहण्यासाठी 'देऊ' केलेली असते. मासिक विकायचे असल्याने मागणीची नजर सोयीची ठरते, हे उघड आहे. मात्र ही मागणी स्त्री आणि पुरुष यांच्या चेहऱ्यांतून एकाच प्रकारे व्यक्त होते काय, हा प्रश्न उरतोच.

लॉरा मल्वी यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात चित्रपटातील पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री या विभागणीकडे लक्ष वेधले. अर्व्हिंग गॉफमन यांनी जाहिरातींतील स्त्रीदेहाच्या ठेवणीचे निरीक्षण करून कललेली मान, स्वतःच्याच गालाला वा केसांना केलेला हलका स्पर्श, किंचित झुकलेला देह या खुणांचा उलगडा केला. चित्रपट-मासिकाच्या मुखपृष्ठाला ही दोन्ही विवेचने लागू पडतात, पण एका दुरुस्तीसह. पडद्यावरील नायिका प्रेक्षागृहाकडे सहसा पाहत नाही. मुखपृष्ठावर मात्र ती पाहते. म्हणजे पडद्यावर जी नुसती पाहिली जाते, तिला मुखपृष्ठावर उलट पाहण्याचा अधिकार मिळतो. हा अधिकार खरा असतो की केवळ विक्रीचे आमंत्रण, हे ठेवण, प्रकाश आणि शेजारची ओळ यांवरून ठरते.

या संदर्भात गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांच्या छायाचित्रांचा विचार उद्बोधक ठरतो. 'स्टारडस्ट', 'फिल्मफेअर', 'सिनेब्लिट्झ' अशा नियतकालिकांसाठी त्यांनी काम केले आणि 'चंदेरी' या मराठी मासिकाचे संपादनही केले. त्यांच्या व्यक्तिचित्रांत मऊ प्रकाश चेहऱ्यावर एकवटलेला असतो आणि देहापेक्षा चेहऱ्याला प्राधान्य मिळते. 'फेसेस' (१९९७) हे त्यांच्या छायाचित्रसंग्रहाचे नावही हेच सुचवते. त्यांच्या छायाचित्रांतील मोहकता निर्विवाद आहे. तिच्यावर आदर्शीकरणाचा आक्षेप घेता येईल. तथापि चेहऱ्याला देहाहून वरचे स्थान दिल्याने मागणीची नजर आमंत्रणाकडे न झुकता संवादाकडे झुकते, हेही मान्य करावे लागते. संकेत तोच ठेवून त्याची नैतिक दिशा बदलता येते, याचा हा दाखला आहे. प्रात्यक्षिक पाठात 'नजर थेट आहे' एवढे नोंदवून थांबणारा विद्यार्थी नेमक्या याच ठिकाणी विचार सोडून देतो.

४. देवनागरीचा प्रश्न

आतापर्यंतचे विवेचन रोमन लिपीतील मुखपृष्ठांविषयी होते. हे संकेत मराठीत आणताना जी अडचण उभी राहते, तिचा विचार क्वचितच केला जातो. तारा-तारकेचे डोके नावातील काही अक्षरे झाकते, हा चित्रपट-मासिकांचा अत्यंत लाडका संकेत आहे. त्यातून दोन गोष्टी साधतात. चेहरा कागदातून पुढे आल्याचा भास होतो. आणि 'आमचे नाव झाकले तरी तुम्ही आम्हांला ओळखता' असा आत्मविश्वास नियतकालिक व्यक्त करते. रोमन मोठी अक्षरे सुटी, एकाच उंचीची आणि स्वतंत्र आकारांची असतात. मधली दोन झाकली गेली तरी कडेची अक्षरे नाव सांगून जातात.

देवनागरीची रचना याहून मूलतः भिन्न आहे. शिरोरेषा सर्व अक्षरांना एका सूत्रात बांधते. अक्षराची ओळख पटवणारा भाग या रेषेखाली लोंबतो, तर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार रेषेच्या वर बसतात, आणि उकार अक्षराच्या पायाशी येतात. म्हणजे नाव तीन मजल्यांत उभे राहते. खालून वर आलेले डोके मधला मजला झाकते तेव्हा शिरोरेषा तशीच दिसत राहते आणि अक्षरे हरवतात. वाळत घातलेले कपडे उडून जावेत आणि नुसती दोरी उरावी, तशी नावाची अवस्था होते. शिरोरेषा सर्व अक्षरांना समान असल्याने ती एकटी काहीच सांगू शकत नाही.

काही नावे तपासून पाहिल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. नाशिकच्या 'गावकरी' समूहाच्या 'रसरंग' या नावात शिरोरेषेच्या वर केवळ एक अनुस्वार आहे आणि पायाशी काहीही नाही. त्यामुळे ते आटोपशीर पट्टीसारखे बसते, मात्र मधले 'सरं' झाकले तर उरलेल्या 'र' आणि 'ग'वरून नाव ओळखणे अवघड होते. 'चंदेरी'मध्ये अनुस्वार, मात्रा आणि दीर्घ वेलांटी यांमुळे वरच्या मजल्यावर एक वेधक आकृती तयार होते. मधला 'दे' अंशतः झाकला तरी डोक्यामागून डोकावणारी मात्रा आणि कडेची वेलांटी नावाची ओळख राखू शकतात. टाइम्स समूहाच्या हिंदी 'माधुरी'त उकार नेमका मध्यावर, 'ध'च्या पायाशी येतो. प्रतिमा मध्यभागी ठेवली की त्याची गाठ चेहऱ्याच्या केसांशी पडणे अटळ. 'जी' हे नाव तर एकाक्षरीच. ते अक्षर न राहता चिन्ह बनते आणि पानाच्या कोपऱ्यात स्वतंत्रपणे उभे राहू शकते. झाकण्याचा संकेत सर्वांना सरसकट लागू करता येत नाही. प्रत्येक नावाची अक्षरप्रकृती पाहूनच तो वापरावा लागतो. कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षरांकनकारांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत नावाच्या अंगभूत आकारातूनच त्याचे चित्र घडवण्याची जी रीत रूढ केली, ती या दृष्टीने अधिक फलदायी आहे. तिथे अक्षर प्रतिमेच्या मागे लपत नाही. तेच प्रतिमा होते.

दुसरी अडचण वाक्यरचनेची आहे. 'स्टारडस्ट'च्या पद्धतीचा इंग्रजी प्रश्न क्रियापदाने सुरू होतो. वाचकाच्या मनात आधी शंका उपस्थित होते आणि मग नाव येते. मराठी वाक्यात नाव आधी येते, क्रियापद आणि प्रश्नचिन्ह सर्वांत शेवटी. 'अमक्याचे गुपचूप लग्न झाले का?' या ओळीतील अखेरचे दोन वर्ण वाचेपर्यंत ती ओळ विधानासारखीच वाचली जाते. संशयाची ओळ मराठीत आपोआप अधिक आरोपात्मक होते. म्हणून मराठी उपसंपादक क्रियापद गाळतो, टिंबे देतो, नावानंतर विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे टाकून वाक्य तोडतो. या युक्त्यांना केवळ शैलीचे चाळे म्हणून हिणवणे योग्य नाही. भाषेच्या घडणीने उभ्या केलेल्या प्रश्नाची ती उत्तरे आहेत.

तिसरा प्रश्न सर्वांत सूक्ष्म आहे. इंग्रजीत तारकेविषयी लिहिताना आदर की सलगी, याची निवड क्रियापदाला करावी लागत नाही. मराठीत ती टाळताच येत नाही. 'ती म्हणते' आणि 'त्या म्हणतात' यांत केवळ व्याकरणाचा फरक नाही. नियतकालिक वाचकाला तारकेपासून किती अंतरावर उभे करते, हे त्यातून ठरते. ज्येष्ठ गायिकेला किंवा चरित्र-अभिनेत्याला आदरार्थी बहुवचन आणि ऐन बहरातील नायक-नायिकेला एकवचन, असा लोकप्रिय मराठी लेखनातील सामान्य प्रघात आहे. एकवचनात जिव्हाळा असतो, तसाच हक्कही असतो. नटीचा एकेरी उल्लेख करणाऱ्या ओळीशेजारी तिचा थेट पाहणारा चेहरा छापला की तिच्या नजरेतील मागणी आणि ओळीतील सलगी यांचा संगम होतो, आणि तिच्या खासगी आयुष्यात डोकावण्याचा परवानाच जणू वाचकाला मिळतो. आदराचा करार करावा की सलगीचा, याची निवड मराठी मुखपृष्ठाला इंग्रजीपेक्षा अधिक उघडपणे करावी लागते. ही मराठीची उणीव मानण्याचे कारण नाही. उलट तिच्यामुळे संपादकीय जबाबदारी झाकता येत नाही.

५. अध्यापनातील परिणाम

वरील विवेचनाचा अध्यापनाशी थेट संबंध आहे. संगणकावर मुखपृष्ठ जुळवणे आज कोणत्याही विद्यार्थ्याला जमते. पानाच्या कडेबाहेर तीन मिलिमीटर रंग वाढवून घ्यावा, छायाचित्र मुद्रणयोग्य घनतेचे असावे, चार रंगांच्या छपाईत पडद्यावरील झगमगीत निळा मंद पडतो, या गोष्टी एका तासिकेत शिकवता येतात. त्या शिकवल्याही पाहिजेत. परंतु मूल्यमापन तेथेच संपले तर 'एम्पायर'च्या अंकाची हुबेहूब नक्कल करणाऱ्यास सर्वाधिक गुण मिळतात आणि मराठी नावासाठी वेगळी मांडणी शोधणाऱ्याचे गुण 'संकेत पाळले नाहीत' म्हणून कापले जातात. असे मूल्यमापन विद्यार्थ्याला अनुकरण शिकवते आणि त्याच्या स्वतःच्या लिपीविषयी न्यूनगंड देते. देवनागरी 'आधुनिक दिसत नाही' अशी तक्रार विद्यार्थ्यांच्या तोंडी येते, तिचे एक मूळ येथे आहे. लिपी अनाधुनिक नसते. दुसऱ्या लिपीसाठी शिवलेला अंगरखा तिला चढवला की ती ओबडधोबड दिसते.

काळही बदलला आहे. अमेरिकेतील 'प्रीमिअर' मासिकाची मुद्रित आवृत्ती २००७ मध्ये थांबली. ब्रिटनमधील 'टोटल फिल्म' १९९७ मध्ये सुरू होऊन २०२४ मध्ये बंद झाले. मुखपृष्ठ आता ठेल्यावर दिसण्याआधी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अंगठ्याएवढ्या आकारात दिसते. त्या आकारात कडेच्या ओळी वाचताच येत नाहीत. नाव आणि चेहरा तेवढा उरतो. ज्या विक्रीस्थळाने जुने संकेत घडवले ते स्थळच ओसरत असताना, त्या संकेतांची कारणे न सांगता यादी तेवढी पाठ करून घेणे म्हणजे आटलेल्या नदीच्या उताराचे नियम शिकवण्यासारखे आहे. कारणे ठाऊक असलेला विद्यार्थी नव्या आकारासाठी नवा संकेत शोधू शकतो. याउलट यादीच पाठ केलेल्याच्या हाती पडद्याचा आकार बदलताच काहीही उरत नाही.

म्हणून प्रात्यक्षिकाच्या जोडीला तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागणे उपयुक्त ठरेल. हे मुखपृष्ठ वाचकाशी कोणता करार करते? प्रत्येक संकेत कोणत्या कारणाने पाळला किंवा मोडला? आणि निवडलेली लिपी व भाषा यांनी मांडणीवर कोणती बंधने घातली, कोणत्या शक्यता दिल्या? या उत्तरांशिवाय केलेले मूल्यमापन हे संगणकीय कौशल्याचे मूल्यमापन ठरते. ते माध्यम-अभ्यासाचे ठरत नाही.

निष्कर्ष

चित्रपट-नियतकालिकाच्या मुखपृष्ठाचे संकेत विक्रीच्या जागा, मुद्रणाची साधने आणि वाचकाशी होणारा करार या तिहेरी दाबातून घडले. 'फिल्मइंडिया'ची रंगवलेली मोहिनी, 'फिल्मफेअर'ची छायाचित्रित प्रतिष्ठा आणि 'स्टारडस्ट'चा छापील संशय यांत घटक समान असूनही अर्थ भिन्न आहेत. कारण घटकांतील परस्परसंबंध बदलले आहेत. मराठी मुखपृष्ठाच्या बाबतीत शिरोरेषा, क्रियापदान्त वाक्य आणि आदरार्थी रूपे ही तीन वैशिष्ट्ये संकेतांचा पुनर्विचार करण्यास भाग पाडतात. मुळगावकर-दलाल-पंडितांची चित्रपरंपरा आणि मराठी अक्षरांकनाची परंपरा पाहता या पुनर्विचारासाठी लागणारी सामग्री बाहेरून आणावी लागणार नाही. संकेत पाळणे हे आरेखनकाराचे पहिले पाऊल आहे. कोणाशी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या अटींवर बोलायचे याचा निर्णय त्यानंतर त्याला स्वतःच घ्यावा लागतो, आणि मुखपृष्ठाची गुणवत्ता त्या निर्णयावरच ठरते.